कोड नसलेले घोंगडे

माणदेशातल्या एका माळावरच्या गावात भैरू सणगर नावाचे विणकर राहत होते. सारे गाव त्यांना तात्या म्हणे. तात्या घोंगडी विणत. त्यांची बायको हौसाबाई मेंढ्यांची लोकर कातून सूत काढी. तात्या घरातल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. विणून झाले की चिंचोक्यांची खळ लावून घोंगडे उन्हात वाळवत. काम सावकाश चाले. बाजारात गिऱ्हाईक पूर्वीसारखे राहिले नव्हते. पण जे येई ते घोंगड्यावरून हात फिरवून बघे आणि घासाघीस न करता घेऊन जाई.

शेजारच्या घरात स्वप्नाली नावाची मुलगी होती. ती पुण्याला जाऊन वेबसाइट बनवायला शिकली. शिकून बाहेर पडते तो त्या कामाचे दिवस पालटले होते. जिथे जाई तिथे तिला एकच सांगत, "वेबसाइट आता कॉम्प्युटर आपली आपणच बनवतो. गिऱ्हाईक आणता येत असेल तर बोला." गिऱ्हाईक कसे आणायचे हे तिला कुणी शिकवले नव्हते. ती हिरमुसून गावी परत आली.

गावात करण्यासारखे काही नव्हते. ती दुपारी तात्यांच्या दारात येऊन बसे आणि त्यांचे विणणे बघे. बघता बघता तिला एक गोष्ट सुचली.

"तात्या, तुमचे फोटो काढू का? तुमची घोंगडी मी फोनवरून विकते."

तात्या हसले. म्हणाले, "माझ्या तोंडाकडं बघून कोण घोंगडं घेणार? काढ बापडे. तुझं भलं होत असंल तर काढ."

स्वप्नालीने मन लावून वेबसाइट बनवली. पहिल्याच पानावर तात्यांचा चेहरा होता. पांढऱ्या मिशा, उन्हाने रापलेली कातडी आणि मागावर ठेवलेले हात. खाली तिने खरे तेच लिहिले, 'घोंगडे खरबरीत आहे. लोकरीचा वास येतो. तात्या हळू विणतात, तुम्हाला थांबावे लागेल.'

आणि लोक खरोखर थांबले. नागपूरहून, बंगळूरहून मागण्या आल्या. एका बाईने घोंगडे मिळाल्यावर तात्यांना फोन केला. तिचे वडील कित्येक वर्षांनी त्यावर शांत झोपले होते. तात्यांनी ते हौसाबाईला पुन्हा पुन्हा सांगितले. ते नव्या उमेदीने मागावर बसू लागले. स्वप्नालीच्या आईने गल्लीत पेढे वाटले.

पुढे तात्यांच्या विणण्याचा एक व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. मागण्या इतक्या आल्या की साऱ्या गावाने विणायला बसावे म्हटले तरी पुरे पडले नसते. तेव्हा पुण्याहून राजमाने नावाचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. इंटरनेटवर जाहिराती करण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी स्वप्नालीला भागीदारी देऊ केली. ऑफिस देऊ केले.

"फक्त एक अडचण आहे," राजमाने म्हणाले. "तुमचे तात्या फार हळू आहेत. आजच्या गिऱ्हाइकाला थांबायची सवय नाही. आपण माल गिरणीतून घेऊ. थोडी लोकर, बाकी कृत्रिम धागा. दिसायला तसाच, हाताला मऊ."

"मग त्यावर तात्यांचा चेहरा कसा ठेवायचा?"

"चेहऱ्याखाली आपण काहीच लिहायचं नाही. लोक काय समजायचं ते समजतील."

स्वप्नाली दोन दिवस घुटमळली. तिला नोकरीसाठी झिजवलेले उंबरे आठवले. बस्तान बसेपर्यंतच, असे तिने स्वतःला समजावले आणि होकार दिला. पुण्याला जाताना तात्यांना मात्र तिने यातले काही सांगितले नाही.

धंदा झपाट्याने वाढला. बाजारात नकला येऊ लागल्या, तशी राजमान्यांनी प्रत्येक नगावर एक चौकोनी कोड शिवून घेतला. फोन त्याच्यासमोर धरला की तात्यांचा चेहरा दिसे आणि खाली शब्द येत, 'हे अस्सल आहे.' स्वप्नाली आधीआधी तात्यांकडूनही घोंगडी नेई. मग नेणे विरळ झाले. मग थांबले. तात्यांनी फोन केला की ती सांगे, "सध्या मागणी नाही, तात्या."

तात्यांनी ते खरे मानले. "लोकांचं मन भरलं असंल," ते हौसाबाईला म्हणाले. घरात विणून ठेवलेली घोंगडी साठत गेली.

एके दिवशी ग्रामसेवकाने त्यांना सांगितले, पुण्यात हस्तकलेचे मोठे प्रदर्शन भरते आहे, विणकरांना जागा फुकट आहे. तात्यांनी होती तेवढी घोंगडी बांधली आणि एसटी धरली.

मैदानावर माल मांडून होतो तोच त्यांच्यापुढे गर्दी जमली. "अहो, हे जाहिरातीतले तात्या!" लोक त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढू लागले. तात्या गोंधळले, पण सुखावलेही. मागणी नाही असे कोण म्हणते, असे त्यांना वाटले.

मग एका बाईने घोंगडे उचलले आणि तिचा चेहरा बदलला.

"हे टोचतंय. आमच्या घरी तुमचंच घोंगडं आहे. ते किती मऊ आहे!" तिने आपल्या खांद्यावरची शाल पुढे केली. वेबसाइटवर आता शालीही मिळत, ही तिथलीच होती. तात्यांनी ती बोटांत धरून पाहिली.

"ही माझी न्हवं," ते म्हणाले.

"फोन धरला की तुमचाच फोटो दिसतो यावर! आणि कोडही आहे. तुमच्या मालावर कोड कुठाय?"

तात्यांना कोड म्हणजे काय ते कळेना. गर्दीतला एकजण म्हणाला, "सारख्या दिसणाऱ्या म्हाताऱ्याला आणून बसवलंय. नकली माल आहे." दुसऱ्याने तेच मोठ्याने म्हटले. ज्यांनी फोटो काढले होते तेच आता संयोजकांकडे तक्रार घेऊन गेले.

संयोजक भला माणूस होता. तो तात्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "आजोबा, तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का त्या कंपनीत?"

तात्यांचा चेहरा उजळला. "आमची स्वप्नालीच हाय की तिथं. माझ्या मांडीवर खेळलेली पोर. लावा तिला फोन."

त्या वेळी स्वप्नाली ऑफिसात बसली होती. समोर राजमाने होते. एका मोठ्या दुकानदाराशी वर्षभराच्या मालाचा करार व्हायचा होता आणि तो दुकानदारही तिथेच बसला होता. फोन वाजला. तिने उचलला. संयोजकाने आपल्या फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"मॅडम, इथं एक वयस्कर विणकर घोंगडी घेऊन आलेत. तुम्ही त्यांना ओळखता म्हणतात. हा माल तुमचा आहे का?"

स्वप्नालीला सगळे एका क्षणात कळले. हो म्हणावे तर लोक विचारणार, मग इतके दिवस विकला तो माल कुणाचा? राजमाने तिच्याकडे एकटक बघत होते.

"ज्यावर आमचा कोड आहे तोच आमचा माल," ती म्हणाली.

"यावर कोड नाही."

"मग तो आमचा नाही."

"स्वप्ने," तात्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "अगं, मी तात्या बोलतुय."

स्वप्नालीने फोन बंद केला. दुकानदाराकडे वळून ती म्हणाली, "नकली मालाचा फार त्रास आहे हल्ली." दुकानदाराने मान डोलावली आणि सही केली.

संयोजकाने तात्यांना घोंगडी बांधायला मदत केली. ज्यांनी तक्रार केली होती ती माणसे उभी राहून बघत होती. तात्यांनी मान वर केली नाही.

घरी हौसाबाईने विचारले, "पोरगी काय म्हणली?"

"ती खरं तेच बोलली. माल तिचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी माग खोलून ठेवला आणि खड्डा मातीने बुजवला. हौसाबाई दारात उभी राहून रडली, पण तिने त्यांना अडवले नाही. काही दिवसांनी ते गावाबाहेरच्या पोल्ट्रीवर कोंबड्यांना खाद्य घालायच्या कामाला लागले.

वर्ष सरले. राजमान्यांनी ऑफिसात एक नवे सॉफ्टवेअर आणले. हवा तसा चेहरा ते तयार करी. त्यांनी पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बनवून घेतला. तो तात्यांपेक्षा देखणा होता आणि सांगाल ती भाषा बोले. वेबसाइटचे आणि जाहिरातींचे कामही तेच सॉफ्टवेअर करू लागले. मग राजमान्यांनी स्वप्नालीला बोलावून भागीदारीचा कागद पुढे ठेवला. तिला केव्हाही मोकळे करता येईल, असे त्यात पहिल्यापासून लिहिलेले होते.

"पण हे सगळं मी उभं केलंय," ती म्हणाली.

"कुणी केलं ते गिऱ्हाईक विचारत नाही," राजमाने म्हणाले. "हे तुम्हाला ठाऊकच आहे."

स्वप्नाली गावी आली ती थेट तात्यांच्या घरी गेली. तात्या नुकतेच पोल्ट्रीवरून येऊन हातपाय धूत होते. ती त्यांच्या पाया पडली.

"तात्या, चुकले मी. आपण परत सुरू करू. या वेळी एकही खोटा शब्द लिहिणार नाही. लोक थांबतील, पहिल्यांदा थांबले होते तसे."

तात्यांनी तिला उठवले. हौसाबाईने तिच्यापुढे चहा ठेवला. कुणीच तिच्यावर आवाज चढवला नाही.

"त्या दिवशी सगळी म्हणत हुती, ह्यो नकली हाय," तात्या म्हणाले. "तुला तर ठावं हुतं ना, मीच खरा हाय ते?"

"ठाऊक होतं," स्वप्नाली म्हणाली.

"माफ केलं तुला, पोरी. पण मागावर आता बसायचा न्हाई मी. हात चालत न्हाईत."

"मग गावात दुसरं कुणाला येतं विणायला?"

"कुणाला न्हाई."

स्वप्नालीने चहा तसाच ठेवला आणि ती उठून घरी गेली. ती वेबसाइट अजून चालू आहे. त्या बनवलेल्या म्हाताऱ्याकडे बघून लोक अजून घोंगडी घेतात.

तात्पर्य: ज्याच्या ओळखीवर आपण मोठे झालो, त्याला वेळेला ओळख न देणे हा विश्वासघातच, मग तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द खरा का असेना. अशा घाताची माफी मिळते. पण जे मोडले ते पुन्हा उभे राहत नाही.