शिरस्त्राणाच्या आत

“पण ह्यात चुकलंय काय, ते तरी सांगाल का?” शाल्मलीने तिसऱ्यांदा विचारलं.

प्रश्न उस्ताद रसूल शिकलगारांना होता. ते पुठ्ठा कापत होते.

टेबलावर तिचं शिरस्त्राण होतं. परग्रहावरच्या लढाईच्या एका सिनेमात सैनिक घालतात, हुबेहूब तसं. राखाडी रंग, कपाळावर तांबडा पट्टा, डोळ्यांच्या जागी एक अरुंद काळी काच. गालावर गोळी घासून गेल्याचा ओरखडा. तो एक ओरखडा साधायलाच तिला दोन दिवस लागले होते.

थ्रीडी प्रिंटरमधून अकरा दिवस तुकडे निघत होते. मग पुट्टी, मग पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर. बोटांची सालं निघाली होती. मुंबईच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला लोक रांगेत उभे राहिले.

त्या बक्षिसामुळेच तिला काम आलं. एका मालिकेला असेच सैनिक हवे होते. शिरस्त्राण, छातीचं चिलखत, हातमोजे... असे चाळीस संच. प्रिंटरवर एवढे काढायचे तर वर्ष गेलं असतं. साचा करून फायबरचे काढायला हवे होते, आणि ते तिला येत नव्हतं.

ज्याला विचारावं तो एकच पत्ता द्यायचा. मिरजेला जा. किल्ल्यामागे पत्र्याची शेड आहे. शिकलगारांचे आजे-पणजे तलवारींना धार लावायचे, ढाली घासायचे. ह्यांनी तीस वर्षं सिनेमाला चिलखतं पुरवली. आधी मावळ्यांची, मग अंतराळातल्या शिपायांची.

आता ते सिनेमाचं काम घेत नाहीत, एवढंही लोक सांगायचे. का घेत नाहीत, ते कुणी सांगत नव्हतं.

चार दिवसांत शिकून परत जाऊ, अशा हिशेबाने शाल्मली आली होती. आज नववा दिवस होता, आणि तिने अजून साच्याला हात लावला नव्हता.

“सुरुवात पुठ्ठ्यानं करायची,” पहिल्याच दिवशी उस्ताद म्हणाले होते. “स्वतःचं डोकं मोज. त्यावर बसेल असं काप.”

तिने कापलं. ते त्यांनी तिच्या डोक्यावर बसवलं.

“जांभई दे.”

“काय?”

“जांभई.”

तिने दिली. हनुवटीजवळचा पुठ्ठा फाटला.

“पुन्हा काप.”

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “मागं वळून बघ.” पुठ्ठा मानेत रुतला. तिसऱ्या दिवशी, “खाली बघ. तुझी चप्पल दिसते का?” दिसत नव्हती. मग एकदा पाणी पी. मग एकदा खोक. दर वेळी काहीतरी फाटायचं, टोचायचं, अडायचं, आणि उस्ताद म्हणायचे, “पुन्हा.”

तिला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय. शिकवायचं नाही तर तसं सांगावं. चार वर्षं डिझाइन शिकलेल्या मुलीला बालवाडीतल्यासारखी कात्री-पुठ्ठा देऊन बसवायचं...

म्हणून नवव्या दिवशी तिने खोक्यातून आपलं शिरस्त्राण काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

उस्तादांनी कात्री खाली ठेवली. शिरस्त्राण उचलून सगळीकडून पाहिलं. नखाने ओरखडा चाचपला.

“हात चांगला आहे तुझा.”

ती थांबली. त्यांनी शिरस्त्राण उलटं करून आत पाहिलं.

“हे कुणी घातलंय?” त्यांनी विचारलं.

“मीच. प्रदर्शनात.”

“किती वेळ?”

“...फोटोपुरतं.”

“आता घाल की.”

तिने घातलं. “मोजे पण,” ते म्हणाले. तिने खोक्यातले जाड हातमोजेही चढवले. मनगटाचे पट्टे त्यांनी आवळून दिले. मानेमागची कडी तिने त्यांनाच लावायला सांगितली. ती कडी तिची खास करामत होती. दोन भागांच्या सांध्यात, आतल्या पट्ट्यावर अशी लपवली होती की बाहेरून सांधाच दिसायचा नाही.

“बस त्या स्टुलावर,” उस्ताद म्हणाले. “माझा चहा होईस्तोवर.”

त्यांनी स्टोव्ह पेटवला.

मे महिना होता. वर पत्रा तापलेला. पहिलं मिनिट तिने ताठ बसून काढलं. एवढंच ना, तिला वाटलं.

मग श्वास काचेवर साचू लागला. आधी खालची कड धूसर झाली, मग सगळीच काच. शेड गेली, स्टोव्ह गेला, उस्तादांची पाठ तेवढी एका डागासारखी उरली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तो पुसता येईना.

सोडलेला श्वासच परत आत येत होता. ऊन, ओला. त्याला रंगाचा वास होता. तिच्याच रंगाचा.

“झाला का चहा?” तिने विचारलं.

आवाज तिच्याच कानांवर आदळला. बाहेर काही गेलं असेल असं तिला वाटलं नाही.

उठावं? पण उठलं की हरलं. ती बसून राहिली.

थोड्या वेळाने तिने हात वर केला.

तो डाग वळला. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, हे तिला नक्की कळलं. ते जागचे हलले नाहीत.

तिने पुन्हा हात वर केला.

...

मग तिचे दोन्ही हात मानेमागे गेले. मोज्यातून कडी हाताला लागेना. कडी होतीच इतकी बारीक. मोजा काढायला गेली तर मनगटाचा पट्टा सुटेना. तिने हनुवटीपासून वर ओढलं. जबडा अडकला. पुन्हा ओढलं. कानात नुसता धपधप आवाज. स्टूल कलंडलं, गुडघे जमिनीवर आपटले, आणि आपण ओरडतोय हे तिला घशाच्या जळजळीवरून कळलं.

मानेला काहीतरी गार लागलं. कात्री. कडीचा पट्टा कापला गेला, आणि हवा आली.

ती बराच वेळ जमिनीवर बसून होती. समोर उस्तादही जमिनीवरच बसले होते. कात्री अजून त्यांच्या हातात होती. मागे चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला होता.

“मी हात वर केला होता,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलात.”

“बघितला.”

“दोनदा.”

“दोनदा.”

“मग?”

उस्तादांनी कात्री बाजूला ठेवली.

“किती वेळ बसलीस असं वाटतं?” त्यांनी विचारलं.

“पंधरा मिनिटं... वीस.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सहा मिनिटं झाली होती.

त्यांनी तिला माठातलं पाणी दिलं. ती ते प्यायली, उरलेलं तिने तोंडावर घेतलं. ती उठून निघून गेली असती तर त्यांनी तिला अडवलं नसतं. ती गेली नाही.

“निवृत्ती सुतार नावाचा शिष्य होता माझा,” उस्ताद म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. “अकरा वर्षं होता माझ्याजवळ. तुझ्यासारखाच हात.”

तिने रिकामा पेला ओंजळीत धरला.

“जतच्या बाजूला एका दगडाच्या खाणीत शूटिंग होतं. सात वर्षं झाली. असलाच मे महिना. तीस सैनिक. सगळी शिरस्त्राणं आम्ही केली. अर्धी मी, अर्धी त्यानं. तो म्हणत होता, उस्ताद, तोंडापाशी जाळी ठेवू या, माणसाला वारा लागेल. मी म्हटलं, चेहरा बिघडतो. सिनेमातल्या चित्रात जाळी नाही.”

“मग?”

“नाही ठेवली.”

बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुलूप घातलं, आणि पावलं दूर गेली.

“तीस जण सारखेच दिसायचे. कोण कुठला, ओळखू यायचं नाही. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर आकडा लिहिला होता. आकड्यानंच हाक मारायची. त्या दिवशी सतरा नंबरचा माणूस आलाच नाही. निवृत्तीनं कुणाला न सांगता त्याचं चिलखत चढवलं. काम अडू नये म्हणून. मला वाटलं, तो गाडीपाशी असेल. रंगाचे डबे आवरत.”

उस्तादांनी कपाळावरचा घाम पुसला. 

“लढाईचा शॉट होता. सगळ्यांनी गुडघ्यावर बसून राहायचं होतं. हलायचं नाही. मध्येच सतरा नंबरनं हात वर केला. मी कॅमेऱ्यामागं उभा होतो. मीच ओरडलो, सतरा नंबर, हात खाली.”

“आणि त्यानं?”

“केला त्यानं खाली.”

शाल्मलीने ओंजळीत धरलेला पेला जमिनीवर ठेवला.

“दुसऱ्या कुणाचा आवाज असता, तर केला नसता. माझा होता. ओळखला त्यानं.”

“उस्ताद...”

“शॉट चांगला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी शिरस्त्राणं काढली. एकोणतीस जणांनी.”

ते उठले. विझलेला स्टोव्ह फडक्याने पुसू लागले. भांड्याच्या बुडाला लागलेली चहाची पावडर नखाने खरवडत राहिले. 

संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर गेल्यावर तिला जेवण गेलं नाही. आंघोळीला पाणी डोक्यावर घेतलं तेव्हा क्षणभर श्वास अडकला आणि ती तांब्या टाकून दाराबाहेर आली.

सकाळी ती शेडवर आली तेव्हा उस्ताद अजून आले नव्हते. चावी कुठे असते ते तिला ठाऊक होतं.

तिने शिरस्त्राण टेबलावर पक्कं बसवलं, नाकावर मास्क चढवला आणि करवतीच्या ब्लेडने तोंडापासून कापायला सुरुवात केली. तांबडा पट्टा चिरला. रंगाचे कपचे उडाले. दोन दिवस खर्चून काढलेला ओरखडा तुकड्याबरोबर खाली पडला. तो तिने उचलला नाही. तोंडाच्या जागी तिने जाळी बसवली. काच दोन्ही बाजूंनी रुंद केली, वर वारा जायला फट ठेवली. लपवलेली कडी उपटून टाकली आणि दोन जाड पट्टे लावले, लाल रंगाचे, मोज्यातूनही हाताला लागतील असे, बाहेरच्यालाही एका ओढीत सोडता येतील असे.

मग ते डोक्यावर चढवून जांभई दिली. मागे वळून पाहिलं. खाली पाहिलं. चप्पल दिसली.

उस्ताद आले तेव्हा दुपार कलली होती. ते दारातच थांबले.

“बिघडलं,” ती म्हणाली. “सिनेमातल्यासारखं नाही राहिलं आता.”

उस्ताद चपला काढून आत आले.

“मालिकेवाल्यांना फोन केला होता. म्हटलं, जाळी असणार, पट्टे दिसणार. ते म्हणाले, लोकांना चित्रात आहे तसंच बघायचंय. विचार करून कळवतो म्हणाले.” ती थांबली. “नाही कळवणार बहुतेक.”

उस्तादांनी शिरस्त्राण उचललं. आत हात घालून कडा चाचपल्या. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी ते डोक्यावर चढवलं. हातमोजेही मागून घेतले.

सात वर्षांत त्यांनी असलं काही अंगावर घातलं नसावं, असं तिला वाटलं. मान कशी धरावी तेच त्यांना कळत नव्हतं.

शाल्मली समोर बसली. चहा ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. काचेमागे डोळे दिसत नव्हते. जाळीतून श्वास तेवढा ऐकू येत होता. एक... मग दुसरा... ती ते मोजत राहिली. मध्ये एक श्वास जरा लांबला, तशी ती अर्धी उठली, आणि पुढचा ऐकू आल्यावर परत बसली. कितीतरी वेळ गेला. पाठ भरून आली तरी तिने नजर हलवली नाही.

उस्तादांनी हात वर केला.

हात खांद्यापर्यंतही गेला नव्हता, तोवर तिने दोन्ही पट्टे ओढले होते.

शिरस्त्राण तिच्या हातात होतं. उस्तादांचा चेहरा ओला होता, पांढरी दाढी हनुवटीला चिकटली होती. तो सगळा घामच होता की काय, ते तिने विचारलं नाही.

शिरस्त्राण टेबलावर ठेवून ती म्हणाली, “त्यांचा होकार आला, तर साचा करायला घेऊ?”

“होकार आला तर.”

“आधी काय करू? प्लास्टर आणू?”

उस्तादांनी एकेक मोजा काढला, मांडीवर ठेवला.

“आधी जा,” ते म्हणाले, “आणि त्या चाळीस जणांची नावं विचारून ये.”