तिसरा रकाना

सीताफळाच्या एका वाणासाठी डॉ. वत्सलाबाई ढोबळे अठरा वर्षे पहाटे, पूजेला बसावे तशा निष्ठेने, कुंचल्याने फुलाफुलावर पराग ठेवीत आल्या. वाण मान्य होताच, बागेत कधी पाऊल न टाकलेल्या, संशोधन केंद्राच्या संचालकांनी जनकांच्या यादीत स्वतःचे नाव पहिले घातले, बाईंचे शेवटी!

"बाई, पहिल्या नावाचा एवढा हट्ट कशाला?" बाईंनी हरकत घेताच ते भरसभेत हसले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी स्वर ढळला नाही. "साहेब, संकराच्या नोंदवहीत पहिलं नाव कुणाचं?"

"मादीचं! फळ तिच्या पोटी वाढतं. दुसरं पराग देणाऱ्या नराचं."

"मग आपण फळ पोटी वाढवलंत, की पराग दिलेत?"

संचालकांनी समोरची यादी जवळ ओढली.

"वहीत तिसरा रकाना नाही, साहेब!"

संचालकांनी यादीतले आपले नाव खोडले.