पाळकसाहेबांची नम्रता आणि हबेलचं आमेन

एका गावात एक भोळा घंटावाला होता. गावाचं नाव बोरखेडं, घंटावाल्याचं नाव हबेल. ख्रिस्ती देवळाची झाडलोट करायची, बाकं पुसायची, रविवारी नऊला घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. माणूस मनानं सोन्यासारखा, पण सांगाल ते सांगाल तसंच करणार. त्यात जराही इकडं नाही की तिकडं नाही.

त्या वर्षी तिथल्या पाळकसाहेबांना, म्हणजे भिंगारदिवेसाहेबांना, शहराचे वेध लागले होते. शहरातल्या मोठ्या देवळाची जागा रिकामी झाली होती. तिथं पाळकाला बंगला होता, गाडी होती. पाळकीणबाईंनी तर बंगल्याच्या खिडक्यांचे पडदेसुद्धा शिवायला टाकले होते. इस्टरच्या आधीच्या गुरुवारी बिशपसाहेब स्वतः बोरखेड्याला येऊन पाळकाची पारख करणार होते. आणि बिशपसाहेबांना म्हणे नम्र पाळक आवडायचा. हे कळल्या दिवसापासून भिंगारदिवेसाहेब नम्र झाले.

उपवासकाळ लागला तसं त्यांनी दर रविवारी नम्रतेवर बोलायला घेतलं. पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं की सेवकानं पुढं पुढं करू नये, सगळ्यांच्या शेवटी यावं. लाइट गेली होती, म्हणून हबेल मागं उभा राहून त्यांना वारा घालत होता. त्यानं साहेबांचं बोलणं मनावर घेतलं.

पुढच्या रविवारी नऊ वाजले. हबेल दोर हातात धरून उभा. मंडळी सगळी आली की मग आपण घंटा वाजवायची, असं त्यानं ठरवलं होतं. आणि मंडळी घरी नवे कपडे घालून बसलेली, घंटा वाजली की निघायचं म्हणून. लोक घंटेसाठी खोळंबले, हबेल लोकांसाठी खोळंबला. पाळकसाहेब बाजूच्या खोलीत झगा घालून घामाघूम. बारा वाजले, उपासना काही झाली नाही. अशा माणसाला काय म्हणावं?

पाळकसाहेबांनी त्याला फैलावर घेतलं. मानपानात शेवटी राहायचं, कष्टात पहिलं व्हायचं, असं बजावलं. कुणाचं ओझं दिसलं की पुढं होऊन उचलायचं आणि घरपोच करायचं, बोलत बसायचं नाही.

हबेल म्हणाला, "बरं साहेब."

मंगळवारी शाळेतल्या रूथबाई एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. लेकीचं बाळंतपण होतं, त्या जालन्याला निघाल्या होत्या. जवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. हबेलला ओझं दिसलं. त्यानं ट्रंक डोक्यावर घेतली, वळकटी काखेत मारली, डबा हातात धरला आणि सुटला. बाई मागून हाका मारतायत, पण याला बोलत बसायचं नव्हतं. त्यानं सगळं सामान बाईंच्याच घराच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि घाम पुसला. तोवर एसटी गेली. दिवसातून ती एकदाच यायची. इकडं बाई ओट्यावर डोक्याला हात लावून बसल्या, तिकडं लेकीला मुलगा झाला.

पाळकसाहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांचा आवाज चढला होता, कारण रूथबाईंचे मेव्हणे बिशपसाहेबांच्या कचेरीत होते. आधी विचारायचं, समोरचा स्वतःच्या तोंडानं हो म्हणाला तरच हात लावायचा, असं त्यांनी सांगितलं. हबेलकडून ते तीनदा वदवूनही घेतलं.

हबेल म्हणाला, "बरं साहेब."

चार आठवड्यांनी गावातले यिर्मयामामा वारले. भरल्या वयाचे होते, झोपेतच गेले. शवपेटी उचलायला चार जण लागणार होते. मामांची तीन मुलं आणि चौथा हबेल. तिघांनी हात घातले. हबेल गुडघ्यावर बसला, पेटीच्या डोक्याकडं तोंड नेलं आणि अदबीनं विचारलं, "मामा, उचलू का?"

मामा काही बोलले नाहीत. हबेल थांबला. मामा जिवंतपणीही लवकर उत्तर देणारे नव्हते, म्हणून त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऊन तापलं. पाळकसाहेबांनी गीताची सात कडवी संपवली आणि पहिल्यापासून पुन्हा धरली. शेवटी मुलांनी तीनच कोपरे उचलले आणि पेटी कलंडता कलंडता वाचली. सगळे हसले, मामीसुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या.

गुरुवार आता दोन दिवसांवर आला होता. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"हबेल, अरे, ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याच्या वतीनं आपण द्यायचं. एवढं तरी कळतं का? गुरुवारी मी बोलता बोलता थांबलो आणि मंडळी गप्प बसली, तर तू मोठ्यानं आमेन म्हण. तू म्हटलंस की सगळे म्हणतील."

"बरं साहेब."

यात एक खरं होतं. बोरखेड्याची मंडळी अर्धी पेंगलेली असायची. पण एकानं आमेन, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हटलं की झोपेतसुद्धा बाकीचे म्हणायचे. वाडवडिलांपासूनची सवय होती ती.

गुरुवार आला, बिशपसाहेब आले. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्या आठवणीत त्या दिवशी पाळक बारा जणांचे पाय धुतो. पाळकसाहेबांनी मंडळीतले बारा पंच निवडले होते आणि घरूनच साबणानं पाय घासून या, म्हणून ताकीद दिली होती. एका पंचानं तर पायाला पावडर लावली होती. घंगाळात गुलाबपाणी होतं, गुडघ्याखाली उशी होती. फोटोवाल्याला नीट दिसलं नाही म्हणून पहिल्या पंचाचा डावा पाय दोनदा धुतला. आता याला नम्रता म्हणायचं की आणखी काही, ते तुमचं तुम्ही ठरवा. बिशपसाहेब मात्र साधे गृहस्थ, त्यांचे डोळे भरून आले.

ते उठले, खिशातून कागद काढला आणि सांगितलं की शहरातल्या मोठ्या देवळासाठी भिंगारदिवे पाळकांचं नाव मी लिहून आणलं आहे, फक्त माझी सही राहिली आहे. पहिल्या बाकावर पाळकीणबाईंनी पदर सावरला.

झालं, इथं कुणीही आभार मानून मोकळा झाला असता. पण पाळकसाहेब नम्र होते ना. दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. ते पुढं आले, हात जोडले, मान खाली घातली.

"साहेब, मी त्या लायकीचा नाही. मी फार लहान माणूस आहे. हा मान माझ्याहून चांगल्या कुणाला तरी द्यावा."

एवढं बोलून ते थांबले. आता मंडळी नको नको म्हणेल, आमचेच पाळक लायक म्हणेल, अशा आशेनं थांबले. मंडळी पेंगत होती.

मागच्या दारापाशी हबेल उभा होता. साहेब थांबलेत, मंडळी गप्प आहे, त्यानं दोन्ही नीट पाहून घेतलं. मग छाती भरून श्वास घेतला.

"आमेन."

आणि दोनशे माणसं एका सुरात म्हणाली, "आमेन."

बिशपसाहेब भारावले. पाळकानं मान नाकारावा आणि मंडळीनं त्याला एकमुखानं साथ द्यावी, असं आपण पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. त्यांनी पेन काढलं, कागदावरचं नाव खोडलं आणि शेजारच्या गावच्या पाळकांचं लिहून सही केली. मग भिंगारदिवेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्यासारखा माणूस शहरात वाया जाईल. तुम्ही शेवटच्या श्वासापर्यंत याच मंडळीची सेवा करावी, अशी माझी इच्छा आहे. कराल ना?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. आवाज काही फुटेना. पुन्हा उघडलं, पुन्हा तसंच. बिशपसाहेब उत्तरासाठी थांबून राहिले.

हबेलला साहेबांची फार दया आली. साहेबांकडून उत्तर येत नव्हतं. म्हणून त्यांच्या वतीनं त्यानंच आमेन म्हटलं.