हरणीचा रतीब

जनावरं बोलायची आणि माणसं ती ऐकून घ्यायची, त्या काळी घाटमाथ्यावरच्या एका गावात हरणी नावाची घोडी होती. तिच्या पाठीवर दुधाच्या किटल्या लादून तिचा धनी सावळाराम गवळी रोज सकाळी घरोघर रतीब घाली. प्रत्येक दाराशी बायका बोलत उभ्या राहत आणि हरणी वैतागून जाई. "दूध घाला नि चला," ती म्हणे. "कुणाच्या सुनेचं बाळंतपण ऐकून आपल्याला काय करायचंय?" सावळाराम नुसता हसे.

पुढे नाक्यावरच्या दुकानात पिशवीतलं दूध मिळू लागलं. एकेका घराने रतीब बंद केला, तशी हरणी मनातून सुखावली. शेवटी सगळं दूध डेअरीत जाऊ लागलं. एकदाच थांबायचं, किटल्या ओतायच्या की परत.

पण सावळाराम वाटेत बोलेनासा झाला. तिलाही सकाळ खायला उठू लागली. एके दिवशी डेअरीतून परतताना हरणी आपणहून जुन्या आळीत वळली आणि पूर्वी रतीब घेताना सगळ्यात जास्त वेळ बोलत उभ्या राहणाऱ्या गोजराबाईंच्या दाराशी थांबली. सावळारामने लगाम ओढला नाही.

सून बाहेर आली. "अगंबाई, सावळारामदादा! किती दिवसांनी?"

"गोजराबाई दिसत नाहीत?" हरणीने विचारलं.

"त्यांना जाऊन दोन महिने झाले. तुम्हाला कळलं नाही?"

सावळारामने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. उंबऱ्याशी बसून सून सासूचं शेवटचं दुखणं सांगू लागली. ऊन चढलं तरी हरणीने पाय हलवला नाही.