ढमाईच्या मरणाचे ढोल

माणसांना तलवारीचा शोध लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या गुहेत ढमाई राक्षसीण आणि तिचा धाकटा भाऊ गुबऱ्या राहायचे. एका सकाळी एक राजपुत्र तलवार उपसून दारात आला.

"राक्षसिणीला मारून तिचं शिंग नेलं, तरच मला गादी मिळेल!" तो ओरडला.

गुबऱ्या बहिणीच्या पुढे उभा राहिला. "आधी मला मार!"

"गप रे," ढमाई म्हणाली. "आपली शिंगं दरवर्षी गळतात, हे या बिचाऱ्याला कुठे ठाऊक?"

तिने गळून पडलेलं एक शिंग राजपुत्राला दिलं. वर भाकरीही वाढली, कारण दारात आलेल्याला उपाशी पाठवायची राक्षसांत पद्धत नव्हती.

संध्याकाळी खालच्या गावात ढोल वाजू लागले. राजपुत्राने दिवसभर लढून राक्षसीण मारली, असा पुकारा झाला. गुबऱ्या रडायलाच लागला.

"ताई, तू मेलीस म्हणून नाचतायत ते!"

"वेड्या, माझ्या मरणाचे ढोल, आणि मीच नको नाचायला?" ढमाईने पदर खोचला.

मग दोघं अशी नाचली, की गुहेचं छत हादरलं. ढोल थांबले, तरी गुबऱ्याने ताईचा हात सोडला नाही.