मफलरमधला फोन

एका जंगलात एक कोल्हा रिक्षा चालवत असे. रिक्षा चकचकीत, हॉर्न मंजूळ, पण कोल्ह्याच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे. एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हातात फोन, अशी त्याची स्वारी बाजारापासून नदीपर्यंत दिवसभर फिरायची.

मुलांनो, त्या जंगलात आधी याविरुद्ध काही कायदा नव्हता. पण एके दिवशी अस्वलाने फोनवर गप्पा मारता मारता आपली मधाची गाडी थेट सिंहाच्या गुहेत घातली. महाराज वामकुक्षी घेत होते. आयाळीला चिकटलेला मध धुऊन निघेपर्यंत त्यांनी कोणालाही भेट दिली नाही, आणि बाहेर आले ते कायदा घेऊनच. ‘गाडी चालवताना फोन हातात धरू नये.’ तो पाळला जातो की नाही हे बघायला चौकात करकोचा हवालदार उभा राहिला.

दुसऱ्याच दिवशी कोल्हा चौकातून गेला तो मान वाकडी करून. फोन कान आणि खांदा यांच्या बेचक्यात दाबलेला. करकोच्याने शिट्टी फुंकली, तर कोल्ह्याने दोन्ही हात वर करून दाखवले. ‘‘हवालदारसाहेब, हातात काय आहे? मग कायदा कुठं मोडला?’’ करकोच्याने महाराजांना कळवले, आणि कायद्यात मानेचीही भर पडली. त्यावर कोल्ह्याने काय करावे? ऐन उन्हाळ्यात डोक्याला मफलर गुंडाळला आणि फोन त्यात कानाशी खोचून ठेवला. हात मोकळे, मान ताठ आणि तोंड सुरू. रिक्षा स्टँडवर तर तो आपली अक्कल सगळ्यांना शिकवू लागला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याला सांगणार कोण?

एके दिवशी संध्याकाळी खारूताई त्याच्या रिक्षात बसली होती. रिक्षा भरधाव निघाली असताना मफलरमध्ये फोन वाजला. कोल्हीण घाबऱ्या आवाजात सांगत होती, की आपले पिल्लू घरात नाही, बिळाच्या आसपासही नाही. कोल्ह्याच्या काळजात चर्र झाले. पिल्लू त्याला जिवापाड लाडके होते. करवंदीच्या जाळीमागे बघितलेस का, वारुळापाशी बघितलेस का, ओढ्यावर तर गेले नसेल ना, असे तो एकामागून एक विचारत सुटला. डोळ्यांपुढे जाळी आली, वारूळ आले, ओढा आला. डोळ्यांपुढचा रस्ता मात्र दिसेनासा झाला.

आणि पिल्लू होते कुठे? बाबांना भेटायला निघालेले ते वेडे पोर रस्त्याच्या मधोमध उभे होते. ओळखीचा हॉर्न ऐकून ते आनंदाने शेपटी हलवत होते. रिक्षा सरळ त्याच्याच अंगावर चालली होती. खारूताईने आधी हाक मारली, मग ती ओरडली, मग तिने कोल्ह्याची पाठ बडवली.

‘‘जरा गप्प बसा हो,’’ कोल्हा वैतागून म्हणाला, ‘‘इथं माझं पिल्लू हरवलंय.’’

खारूताईने मग बोलणेच सोडून दिले. मागच्या सीटवर आलेल्या त्याच्या झुपकेदार शेपटीचा तिने कडकडून चावा घेतला. कोल्हा केकाटला, कळ मस्तकात गेली आणि पाय आपोआप ब्रेकवर पडला. रिक्षा गर्रकन फिरली आणि म्हशींच्या डबक्यात जाऊन रुतली. चिखलाचा मोठा फवारा उडाला. त्यात नखशिखान्त माखलेले पिल्लू टाळ्या पिटत म्हणाले, ‘‘बाबा, आणखी एकदा करा ना!’’

कोल्हा डबक्यातच मटकन खाली बसला. मफलरमधून कोल्हीण अजून विचारत होती, ‘‘अहो, दिसलं का कुठं?’’ त्याने हात पसरून पिल्लाला जवळ घेतले. खारूताईनेच फोन ओढून काढला आणि पिल्लू सुखरूप असल्याचे सांगितले.

एवढ्यात करकोचा हवालदार उडत आला. त्याने चाकांच्या खुणा पाहिल्या, मफलर पाहिला आणि निराश होऊन चोच हलवली. ‘‘कोल्होबा, हात मोकळे होते, मान सरळ होती. कायद्याप्रमाणे तुम्हाला मी काही करू शकत नाही. जा तुम्ही.’’

कोल्ह्याने पिल्लाला पोटाशी घट्ट धरले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सुटका नको होती.

‘‘साहेब, कायद्यात नसेल तर घालून घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘हात मोकळे होते, मान सरळ होती, डोळेसुद्धा उघडे होते. तरी मला माझं पोर दिसलं नाही. पहिला दंड माझ्यावर करा.’’

तेव्हापासून त्या जंगलात फोन वाजला की आधी गाडी कडेला उभी राहते. मग खुशाल हवे तेवढे बोलावे. आणि कोल्हा? त्याच्या गप्पा काही कमी झालेल्या नाहीत. पण त्या आता झाडाखाली, रिक्षा बंद करून.

तात्पर्य : कायद्यातल्या पळवाटेने दंड चुकतो, अपघात चुकत नाही. गाडी हातात असताना मनही रस्त्यावरच हवे.