जुन्या शिरीषातली नवी वाट

रानाला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या शिरीषावर एक सुतारपक्षी राहत होता आणि सगळ्यांना ढोल्या कोरून देत होता. ओढ्यापलीकडच्या तरण्या झाडात त्याने नव्या घाटाची ढोली कोरली. तिची वाट आधी वर चढे आणि मग आत उतरे, त्यामुळे पावसाचं पाणी शिरत नसे.

दुसऱ्याच दिवशी शिरीषावरची पिंगळी त्याच्या दारात हजर. "आम्हालाही तसलीच वाट हवी. पिल्लं भिजतात."

"मग पलीकडे राहायला जा की!"

"छे, आम्ही हलणार नाही. आणि शेजाऱ्यांच्या भिंतींना धक्का लावायचा नाही हं."

सुतारपक्षी चरफडत कामाला लागला. वाट वर चढवली, तर वरच्या राघूच्या घराच्या तळाला भोक पडलं आणि त्याचं अंडं खाली घरंगळलं. पिंगळीच्या पिसांत पडलं म्हणून वाचलं. राघूने सारं झाड डोक्यावर घेतलं. मग सुतारपक्ष्याने ढलप्यांनी भोक बुजवलं, वाट आखूड केली, बाजूला वळवली आणि चार दिवसांनी एकदाची बसवली. पुढच्या पावसात पिल्लं कोरडी राहिली.

"बरी आहे," पिंगळी म्हणाली, "पण पलीकडच्यासारखी ऐसपैस नाही."

"अहो, ऐसपैस हवी तर पलीकडे जा! किती वेळा सांगू?"

"एवढं चांगलं आहे, तर तू का नाही जात?" राघूने वरून विचारलं.

शिरीषाच्या खरखरीत सालीत सुतारपक्ष्याने नख्या रोवल्या, वर पाहिलं आणि घुश्शातच म्हणाला, "तुमच्या तळाला अजून एक चीर दिसतेय. अंडं बाजूला घ्या."